बेरिंगातलं तूप

मी एकदा ट्रकाच्या बेरिंगात वनस्पती तूप भरलं होतं. चुकून नव्हे. चांगलं रॉकेलनं धुऊन, सोड्याच्या पाण्यात खळबळून, उन्हात वाळवून, मग बोटानं दाबून दाबून भरलं होतं, आणि रंग जमावा म्हणून त्यात चिमूटभर हळदही कालवली होती. त्या तुपापायी एका माणसाचा हात भाजला, एक रेडिएटर फाटला आणि माझ्या दिराचं बोट मोडलं. बोटही तुपानंच मोडलं असं म्हणायची माझी फार इच्छा आहे. पण खोटं बोलायचं वय आता राहिलं नाही. खोटं लक्षात ठेवायला डोकं लागतं.

हे सगळं उकरून निघालं ते नातवामुळं. त्याच्या नव्या ट्रकात म्हणे थंडगार वारा सुटतो. आमच्या काळी ट्रकात वारा हवा असला तर दार उघडं ठेवून चालवायचे. परवा तो गाडी दारात घेऊन आला तर पुढून कुत्र्याचं पिल्लू पायाखाली यावं तसा आवाज. मिस्त्रीनं सांगितलेलं, एसीचा अख्खा कॉम्प्रेसर बदला. मी लसूण सोलत होते. म्हटलं, "थंड हवा बंद केल्यावरबी वरडतंय का?"

"व्हय की."

"मग कॉम्प्रेसर कशाला बदलतोस? बंद असला तरी त्याच्या क्लचची पुली फिरतेच की पट्ट्याबरोबर. पुलीचं बेरिंग गेलंय. तेवढं बदल."

तसंच निघालं. नातू म्हणाला, "आज्जी, तुला गं काय कळतंय ह्यातलं?" मी म्हटलं, सांगते एकदा. तोंडी सांगायला गेले तर हसू येतं आणि मधलं मधलं गाळावंसं वाटतं. लिहिताना गाळता येत नाही.

माझं सासर म्हणजे गॅरेज. पुढं गॅरेज, मागं घर, मधे एक दार. त्या दारातून दिवसभर मारामारीचा आवाज यायचा. लग्न होऊन आले तेव्हा पहिले आठ दिवस मला वाटायचं, पलीकडं रोज कुणीतरी कुणाला तरी जिवं मारतंय. घणाचे ठोके, त्यावर शिव्या, मग काहीतरी धाडकन फरशीवर पडणार, मग एकदम शांतता, मग कुणीतरी म्हणणार, "मेलं एकदाचं." ते बेरिंग असायचं. गंजून पुलीत रुतून बसलेलं बेरिंग काढायचं तर पुलरची तीन नखं त्याला लावायची, मधला स्क्रू आवळायचा, तरी हललं नाही तर ज्योत मारून तापवायचं आणि मग हाणायचं. सासऱ्यांना आम्ही मामा म्हणायचो. लोखंड आणि पोरगं मारल्याबिगर सरळ होत नाही, असं मामांचं ठाम मत होतं, आणि दोन्हींना ते एकाच आवाजात शिव्या द्यायचे. हाताशी त्यांचा धाकटा मुलगा, म्हणजे माझे दीर. बावीस-तेवीस वर्षांचे, तालमीत जाणारे, हसले की दोन्ही गालांना खळ्या पडायच्या. आमच्या ह्यांना लोखंडाची आवड नव्हती. ते बावड्याला साखर कारखान्यात पाळीवर जायचे आणि घरातली मारामारी संपल्यावर सायकलवरून यायचे.

आणि ह्या घरात आलेली ती. ती म्हणजे मीच, पण तिला 'मी' म्हणायची मला अजून लाज वाटते. शेतकऱ्याची मुलगी, सातवी पास, त्यातही पहिली आलेली. वर्गात पाचच मुली होत्या हे ती कुणाला सांगत नसे. तिला सगळं कळत होतं. चुलीवर भाकरी करपत असली तरी ही उभी राहून सासूला सांगणार की करपण्याचं कारण काय.

गॅरेजातल्या हत्याराला हात लावायची बायकांना बंदी होती. मामा म्हणायचे, बाईमाणसाचा हात लागला की हत्याराची धार जाते. हातोड्याला कुठली धार असते हे मी मनातल्या मनात विचारायची. पण खंडेनवमीला त्याच हत्यारांची पूजा असायची, आणि पूजेआधी ती घासायला मात्र बाईमाणसाचा हात चालायचा. घासायला चालतो, वापरायला नाही. तेव्हा मला ह्यात काही वावगं वाटलं नाही. सातवी पास होते ना.

लग्नानंतरचा तो माझा पहिला दसरा. अष्टमीला दुपारी एक ट्रक ओरडत आला. खरंच ओरडत, रस्त्यावरची जनावरं बाजूला झाली. मालक स्वतःच गाडी चालवायचा. मुरगूडकडचा गडी, कान कुस्तीत चुरगळलेले, हाताचा पंजा सुपाएवढा. ह्याला मी ट्रकवालाच म्हणते. आम्ही सगळे तसंच म्हणायचो. दसऱ्याला शेंगांची पोती घेऊन त्याला जयसिंगपूरच्या बाजारात पोचायचं होतं. तिथला व्यापारी मुहूर्ताचा माल त्याच दिवशी घ्यायचा.

मामांनी लांब स्क्रूड्रायव्हरचं एक टोक इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या पंपाला टेकवलं, मूठ कानाला लावली आणि वैद्यानं नाडी बघावी तसे डोळे मिटले. "पुलीमागची बेरिंगं. दोन्ही गेली."

मग सुरू झालं. फॅन उतरवला, पट्टा काढला, पंप खाली घेतला. बेरिंग निघेना. मामा हाणतायत, दीर धरतायत. "निघतंस का न्हाई, मुडद्या?" शेवटी बेरिंगाचं बाहेरचं कडं फुटलं आणि त्याचा तुकडा उडाला तो सरळ मधल्या दाराच्या चौकटीत येऊन रुतला. माझ्या कानापासून चार बोटांवर. मी पाणी घेऊन आले होते. मामांनी चौकटीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि म्हणाले, "दारात हुबी ऱ्हात जाऊ नगं." तांब्या मात्र घेतला.

नवी बेरिंगं आणली, मामांनी स्वतःच्या हातानं त्यात ग्रीस भरलं, तोवर दिवस मावळला. आणि आमच्या घरात अष्टमीला दिवा लागला की हत्यारं खाली. दुसऱ्या दिवशी नवमीला ती देवीपुढं मांडायची आणि दसऱ्याच्या सकाळी नैवेद्य झाल्यावरच उचलायची. मधे कुणी मरत असला तरी पान्हा उचलायचा नाही. ट्रकवाला तणतणला. "दोन बोल्टांचं काम हाय, मामा."

"दोन काय, एक असला तरी न्हाई. देवीला जाऊन सांग."

देवीला सांगायला कोण जाणार. ट्रक अंगणात तोंड उघडं टाकून उभा राहिला, आणि नवी दोन्ही बेरिंगं पूजेच्या हत्यारांत आली.

नवमीच्या पहाटे सासूबाईंनी, आत्या म्हणायची मी त्यांना, मला हत्यारांची पाटी दिली. "लख्ख कर. देवीम्होरं काय बी ओशट दिसाय नगं." मी घण घासले, पान्हे घासले, पुलरची नखं चिंचेनं घासली. शेवटी पाटीच्या तळाशी ती दोन बेरिंगं. पिवळट ग्रीसनं बरबटलेली. आणि मला आठवलं. चारच दिवसांपूर्वी दिरांचा सदरा धुताना आत्या पुटपुटल्या होत्या, "जनावराची चरबी ही. कितीबी घासा, जात न्हाई."

चरबी! नवरात्र चाललेलं, घरात कांदासुद्धा चिरलेला नाही, आणि देवीपुढं जनावराची चरबी मांडायची? मामांना काय, पुरुषमाणूस. आत्यांना वयामुळं सुचलं नसेल. पण सातवी पास सून घरात असताना हा अधर्म कसा होईल? कुणाला विचारावं, असं तिच्या मनातही आलं नाही. विचारलं असतं तर श्रेय वाटून घ्यावं लागलं असतं.

मग ते रॉकेल, तो सोडा, ते ऊन. बेरिंगं चांदीची झाल्यासारखी चमकायला लागली. पण कोरडी फिरवली की खरखरायची. वंगण पाहिजे, एवढं शेतकऱ्याच्या मुलीला कळत होतं. बैलगाडीच्या आसाला एरंडेल घालतात. एरंडेल घरात नव्हतं. तूप होतं. साजूक तूप देवीच्या दिव्यासाठी आत्यांच्या कपाटात कुलपात. राहिला वनस्पती तुपाचा डबा. मी ते भरलं. पांढरं दिसायला लागलं म्हणून हळद. बोटावर फिरवून बघितलं, तर लोण्यासारखं फिरत होतं, आवाजही नाही. मला तर वाटलं, हे मामांना इतकी वर्षं कसं सुचलं नाही. दुपारी मामांनी हत्यारांवर झेंडूची फुलं वाहिली आणि म्हणाले, "औंदा पूजा झ्याक मांडलीया." सून दिवसभर छाती काढून चालत होती.

दसऱ्याच्या सकाळी नैवेद्य झाला. दिरांनी बेरिंगं उचलली, पंपात बसवली, पुली चढवली. त्या पंपाला बाहेरून ग्रीस मारायचं भोक कधीचं बुजलेलं, त्यामुळं आत असेल तेवढ्यावरच चालायचं. त्यांना पिवळं दिसलं. आणि मामांनी हातानं भरलेलं ग्रीस उकरून बघायची त्या घरात कुणाची छाती नव्हती. इंजिन चालू झालं. ओरडणं गेलं. ट्रकवाल्यानं दिरांच्या पाठीत अशी थाप मारली की ते दोन पावलं पुढं गेले. पोत्यांनी भरलेला ट्रक जयसिंगपूरच्या वाटेला लागला.

तूप तापलं की काय होतं, हे जगातल्या कुठल्याही बाईला ठाऊक असतं. मलाही होतं. पण कढईतलं तूप आणि बेरिंगातलं तूप एकच, हे सातवीच्या पुस्तकात नव्हतं.

दिवेलागणीला अंगणात आपट्याची पानं वाटणं चालू होतं. मामा ओट्यावर बसलेले, दीर नुकतेच नवा सदरा घालून आलेले. मी वाकून आत्यांना पान देत होते. "सोनं घ्या, सोन्यासारखं ऱ्हावा" एवढं म्हणेपर्यंत दारात दुसराच एक ट्रक थांबला आणि त्यातून ट्रकवाला उतरला. उजव्या हाताला कोपरापासून ओलं धोतर गुंडाळलेलं. डाव्या हातात पंपाची पुली. त्यानं ती वरून टाकली ती माझ्या रांगोळीच्या मधोमध. फरशीला तडा गेला. तो तडा अजून आहे.

"वीस मैलबी न्हाई गेली," तो म्हणाला. ओरडला नाही, त्यामुळं जास्त भीती वाटली. बेरिंग आवळून बसलं, पुली उपटून आली, फिरता फॅन सुटून रेडिएटरात घुसला. रस्त्याकडेला गाडी घेऊन त्यानं रेडिएटरचं झाकण उघडलं तर उकळतं पाणी हातावर. त्यानं हातावरचं धोतर सोडून दाखवलं. हाताची कातडी ओल्या कागदासारखी सरकली होती. आत्यांनी तोंडाला पदर लावला. मी हातातलं आपट्याचं पान चुरगाळत राहिले.

दीर पुढं झाले. "दादा, बघू तरी..." एवढंच म्हणाले. ट्रकवाल्यानं डाव्या हातानं त्यांच्या मुस्काटात दिली. सुपाएवढा पंजा. दीर हत्यारांच्या पाटावर जाऊन कोसळले. पान्हे, झेंडू, कुंकवाची वाटी सगळं उधळलं. ओठ फुटला. उठायला लागले तर दुसरी.

"माज्या पोराला तू हात लावायचा न्हाई," मामा ओट्यावरून उतरत म्हणाले. मला वाटलं, सुटलो. मामांनी दिरांना बखोटीला धरून उठवलं आणि ट्रकवाल्याला म्हणाले, "माज्या पोराला मी मारनार."

मामांचा हिशेब सरळ होता. नवं बेरिंग, ग्रीस त्यांनी स्वतः भरलेलं. ते वर्षभर चाललं पाहिजे. वीस मैलांत गेलं म्हणजे ते नवं नव्हतंच. म्हणजे कुणीतरी नवं काढून विकलं आणि जुनं घासून बसवलं. बसवलं कुणी? दिरांनी. आणि दिरांनी दोन वर्षांपूर्वी एक जुनी बॅटरी परस्पर विकून सिनेमा बघितला होता.

"कुनाला इकलंस?"

"आईशप्पत न्हाई, आबा."

मामांनी खिळ्याला टांगलेला फॅनचा जुना पट्टा काढला आणि हाणायला सुरुवात केली. रबरी पट्ट्याचा आवाज ओल्या कपड्याच्या धोपटण्यासारखा येतो. नव्या सदऱ्यावर काळे पट्टे उमटत गेले, मग सदरा फाटला. "कुनाला इकलंस?" फटका. "न्हाई, आबा." फटका. आत्या मधे पडल्या तर त्यांच्या दंडावर एक बसला. त्यांच्या दंडाकडं कुणी बघितलंही नाही.

आणि मी काय करत होते? मी स्वयंपाकघरात जाऊन चहा टाकला. खरं सांगते. घरात पाहुणा आलाय, चहा टाकायला पाहिजे, असं मी स्वतःला समजावलं. साखर घातली, चहापूड घातली, आणि पलीकडं फटक्यांचा आवाज येत होता. सांगितलं तर काय होईल हे मला दिसत होतं. उद्या सकाळी माझं बोचकं आणि मी माहेरच्या एस्टीत. दसऱ्याला परत आलेली पोरगी. गाव हसेल, बाप मान खाली घालेल. नाही सांगितलं तर दिरांना अजून थोडा मार बसेल. तालमीतलं अंग आहे, सोसेल. असा न्याय मी चहा उकळेपर्यंत केला. दूधही घातलं.

ट्रे घेऊन दारात आले तेव्हा पट्टा खाली पडला होता. मामांनी दिरांना कामाच्या टेबलाशी नेलं होतं आणि त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटं शेगड्यात धरली होती. शेगडा म्हणजे टेबलाला जखडलेला लोखंडी जबडा. घासायची वस्तू त्यात घट्ट धरून ठेवायची. त्याचा आडवा दांडा मामांच्या हातात.

"आता सांगतोस का करंगळी चपटी करू? ह्या हातानंच चोरी केलीस न्हवं? मग हातुडा धरायला हा हात ठेवत न्हाई मी."

दीर रडत नव्हते. घाम मात्र नाकावरून टपकत होता. "इकलं न्हाई तर कुनाचं नाव सांगू, आबा?" ते म्हणाले. मामांनी दांडा थोडा फिरवला. दिरांनी दात आवळले.

मी तोंड उघडलं. आतून जे बाहेर आलं ते असं: "चहा निवतोय."

सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. आणि ट्रकवाल्यानं, भाजलेला हात छातीशी धरून, डाव्या हातानं कप उचलला. चहा पुढं आल्यावर नको म्हणणं त्याच्या रक्तात नव्हतं. फुर्र करून एक घोट घेतला. मामांनी दांडा आणखी फिरवला.

"मामा," मी म्हणाले. "ते मी... तूप..." आवाज पदरातच राहिला. कुणी ऐकलं नाही. "मामा, ऱ्हाऊ द्या की," म्हणाला तो शेवटी ट्रकवालाच. "पोराचा हात जाईल." आता बाहेरचा माणूस बोलला आणि घरची सून गप्प, हे मला सोसवेना, का नुसती भीती फुटली, कोण जाणे. ट्रे टाकून मी धावले, मामांना खांद्यानं ढकललं, दोन्ही हातांनी शेगड्याचा दांडा धरला आणि होता नव्हता तेवढा जोर लावून फिरवला.

उलटा.

म्हणजे आवळायच्या बाजूला. जन्मात कधी शेगड्याला हात लावू दिला नव्हता मला, कसं कळणार? पण हे कारण मी आज सांगते. त्या क्षणी फक्त आवाज ऐकू आला, ओली शेंग बोटांत फोडावी तसा. दिरांच्या तोंडून एकच शब्द निघाला, "आयला". मामांनी मला कोपरानं बाजूला फेकलं, दांडा फिरवून शेगडा उघडला. करंगळी बाजूला वळली होती, दुसऱ्याच कुणाची असल्यासारखी.

मामांनी धमकीपुरतंच आवळलं होतं. मोडलं ते मी.

आणि मग मला आवाज फुटला. फरशीवर बसल्या बसल्या, सगळ्या गल्लीला जाईल एवढा. "तूप हाय त्यात. मी घातलंय. ग्रीस धुऊन काढलं आन् तूप घातलं."

ट्रकवाल्यानं कप टेबलावर ठेवला, रांगोळीतून पुली उचलली आणि नाकाशी नेली. बराच वेळ वास घेतला. "तरीच," तो म्हणाला. "वाटंनं सारखा भज्यांचा वास येतोय. मला वाटलं, रस्त्याकडंला हाटेलं हायती."

मामांनी ती घेतली. चिकटून बसलेल्या बेरिंगात नख घातलं. काळं-पिवळं जळकं काहीतरी निघालं. त्यांनीही हुंगलं. मग माझ्याकडं बघितलं. असं बघितलं की मी डोळे मिटून घेतले. मार माझ्यावर पडला नाही. त्यांनी ऐरणीवर ते बेरिंग ठेवलं, मोठा घण उचलला आणि हाणायला लागले. बेरिंग तुटलं, गोळ्या उडाल्या, कडं चपटं झालं, तरी हाणत होते. घणाचा दांडा मोडला तेव्हा थांबले. मग तिथंच खाली बसले आणि दिरांकडं न बघता म्हणाले, "ह्याला तालमीत ने कुनीतरी. वस्ताद बोट बसवतील."

आत्यांनी मला उठवलं आणि दोन थोबाडीत दिल्या. मोजून. दुसरी जरा हलकी बसली. चरबीचं बोलणं त्यांनाही आठवलं असणार. ते मी कधी काढलं नाही, त्यांनीही काढलं नाही.

दिरांना घेऊन ट्रकवालाच गेला. निघताना त्यानं अंगणातलं आपट्याचं एक पान उचलून दिरांच्या धडक्या हातात दिलं आणि म्हणाला, "मारलेलं काय परत घेता येत न्हाई, पावणं. सोनं घ्या." दिरांनी घेतलं. आमचे हे पाळी संपवून आले तेव्हा सगळं उरकलेलं होतं. फुटलेला कप बघून म्हणाले, "चहा सांडला व्हय?"

मी रात्री बोचकं बांधून ठेवलं. सकाळी मामांनी हाक मारली तर ते घेऊनच बाहेर आले. मामा टेबलाशी उभे. ट्रक ओढून आणला होता, नवा पंप समोर ठेवलेला. त्यांनी बोचक्याकडं बघितलं. "ते ठेव तिकडं. आन् हिकडं ये."

मी गेले. त्यांनी माझ्या हातात हातोडा दिला. बाईमाणसाच्या हातात, त्यांच्या गॅरेजात, त्यांचा हातोडा.

"माजा हात मोडलास न्हवं? मग आता तूच हात हो."

त्या दिवशी मी शिकले. बेरिंगाला दोन कडी असतात, बाहेरचं आणि आतलं. पुलीच्या पोटात बसवायचं तर बाहेरच्या कड्यावर हाणायचं, दांड्यावर चढवायचं तर आतल्या. भलतीकडं हाणलं की तो ठोका गोळ्यांवर जातो आणि नवं बेरिंग बसायच्या आधीच मरतं. मामा शिव्या देत शिकवत होते, त्यांना दुसरी भाषाच येत नव्हती. पहिल्या पाच ठोक्यांत तीन माझ्या अंगठ्यावर बसले. नख काळं झालं, रक्त पुलीवर पडलं. मामा म्हणाले, "पूस आन् हान." मी पुसलं आणि हाणलं. मग ग्रीस भरायची पाळी आली. ती चरबी असेल नाहीतर आणखी काही असेल, मी ती बोटानं दाबून दाबून भरली.

दीर आले ते अकराच्या सुमारास. हात कापडात बांधून गळ्यात अडकवलेला, ओठ सुजलेला, पाठ सरळ होत नव्हती. ती करंगळी पुढं जन्मभर वाकडीच राहिली. हातोडा धरला की एकटी बाहेर राहायची. ते जुन्या टायरवर बसले आणि माझं काम बघत राहिले. मी मान वर केली नाही. चुकलं म्हणायला तोंड नव्हतं. शेवटचं बेरिंग बसलं, मी पुली हातानं फिरवली, ती बिनआवाज फिरली, आणि तेव्हा त्यांनी घसा साफ केला. सुजलेल्या ओठांमुळं खळी एकाच गालाला पडली.

"वैनी, पुढच्या बारीला साजूक घाला, वनस्पतीसाठी एवढा मार परवडत न्हाई. आन् शेगडा डावीकडं उघडतोय."